माणूस निघालाय

खरं बोलून कुणाचं भलं झाल्याचं ऐकलंत तर मला जरूर कळवा. माझ्या पाहण्यात तरी नाही. मी लिफ्टच्या कंपनीत तक्रारी घेतो. लिफ्ट अडकली, आतल्या माणसाने लाल बटण दाबलं, की माझ्या टेबलावरचा फोन वाजतो आणि मी म्हणतो, "घाबरू नका, माणूस निघालाय." अर्ध्या तासाने म्हणायचं, "ट्रॅफिकमध्ये अडकलाय." त्यानंतर, "तुमच्या गल्लीच्या तोंडाशी आलाय." साहेब याला 'धीर देणे' म्हणतात. (पगारवाढीच्या बाबतीत मलाही ते असाच धीर देतात.)

त्या दिवशी मात्र मी घरातच बोहनी केली. आई आमच्याकडे राहायला आल्यापासून खाली उतरलीच नव्हती. जिने उतरायला तिचे गुडघे तयार नव्हते आणि आमच्याच कंपनीच्या लिफ्टमध्ये शिरायला ती. आज दुपारी डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ ठरलेली. सकाळी मी कामाला निघालो तेव्हा लिफ्टच्या दारात तिने विचारलं, "बंद नाही ना पडायची रे?"

"छे! काल माझ्यासमोर तपासलीय."

(काल मी त्या लिफ्टकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं.)

"बरं. तुझ्या भरवशावर जाते हो," आई म्हणाली. सोबत सुनेला घेऊन जायचं ठरलं आणि मी कामावर आलो.

दुपारी चहाचा कप तोंडाला लावतो तोच फोन वाजला.

"घाबरू नका ताई, माणूस निघालाय."

"कुठून?"

असं कधी कुणी विचारत नाही. मी गडबडलो. "म्हणजे... रस्त्यातच आहे, ताई."

"मी ताई नाही, तुमची बायको आहे. अहो, आम्ही अडकलोय. दिवा गेलाय. आईंचे हात गार पडलेत. खरं सांगा, कोण निघालंय?"

"कुणीच नाही," मी म्हणालो. नोकरीतलं हे माझं पहिलं खरं वाक्य.

मागून आईचा बारीक आवाज आला, "काय म्हणतोय गं?"

 बायको म्हणाली, "माणूस निघालाय म्हणतात, आई."

माझी बायको कधी खोटं बोलत नाही. मला भडभडून आलं.

आमचे मेकॅनिक दोन. एक सासुरवाडीला गेलेला. दुसऱ्याला फोन लावला. "अरे, माझी आई अडकलीय!"

"घाबरू नका साहेब, निघालोच." मागे ताटवाट्या वाजत होत्या.

"कुठवर आलास?"

"ट्रॅफिकमध्ये आहे."

(हे त्याला मीच शिकवलंय.)

मी टेबल सोडून पळत सुटलो. इमारतीत पोचलो तर तिसऱ्या मजल्यावर ही गर्दी. "सरका, सरका, कंपनीचा माणूस आला!" कुणीतरी ओरडलं. सगळे अदबीने बाजूला झाले. एकाने हातात स्क्रूड्रायव्हर दिला. तो कुठल्या बाजूने धरायचा हेसुद्धा मला ठाऊक नव्हतं. इतकी वर्षं मी ज्या माणसाच्या नावाने लोकांना धीर दिला तो शेवटी खरोखरच येऊन ठेपला होता, आणि तो हा असा होता.

"आई, मी आलोय."

"आलास? उघड रे बाबा. जीव घाबरा झालाय."

'उघडतोच' हे अगदी जिभेवर आलं होतं. पण त्या काळोखातून आलेला तिचा आवाज ऐकून मी ते गिळून टाकलं.

"आई, मला उघडता येत नाही. मी नुसता फोन घेतो. आणि काल लिफ्ट तपासली नव्हती."

गर्दीत कुजबुज झाली. ज्याने स्क्रूड्रायव्हर दिला होता, त्याने तो परत काढून घेतला.

"ते सकाळीच कळलं मला," आई आतून म्हणाली. "खोटं बोलताना तू कान खाजवतोस."

"मग बसलीस कशाला लिफ्टमध्ये?"

"तू एवढं मनापासून खोटं बोललास, म्हटलं तुझं मन कशाला मोडायचं?"

मला तोंड लपवायला जागा उरली नाही. मी तिथेच पायरीवर बसलो.

"किती वेळ लागेल? खरं सांग."

"पुष्कळ, आई."

"बरं," ती म्हणाली, आणि तिचा आवाज जरासा सावरला. "मग तू तिथेच बस. बोलत राहा."

मी बोलत राहिलो. मेकॅनिक जेवण, वामकुक्षी सगळं उरकून यायला अजून बराच अवकाश होता. मध्येच बायकोने पुन्हा लाल बटण दाबलेलं ऐकू आलं. रिंग वाजत राहिली, वाजत राहिली.

"कंपनीत कुणी उचलत का नाही गं?" आईने विचारलं.

"कोण उचलणार, आई?" आतून बायको म्हणाली. "माणूस निघालाय."