एक आजारी पाहिजे

बाळांनो, एका जंगलात म्हातारे फार झाले. वाघाने शिकार सोडून योगासने धरली होती, त्यामुळे म्हाताऱ्यांना खाणारे कोणी उरलेच नव्हते.

मग म्हाताऱ्यांनी काय केले? मंडळ काढले. 'उतारवय सेवा मंडळ' हे नाव ठरवण्यातच उन्हाळा सरला. हत्ती अध्यक्ष झाला. त्याला सगळे दादासाहेब म्हणत. सोंडेत माइक धरायची त्याला भारी हौस.

त्या मंडळात बहिरोजी नावाचा एक रानगवा होता. एके काळी अख्खा कळप त्याच्यामागे चालायचा. आता कळप पलीकडच्या दरीत गेला होता आणि बहिरोजीला रान खायला उठायचे. मंडळात निदान चार तोंडे दिसत. म्हणून तो सगळ्यांच्या आधी येऊन बसे.

पहिल्या सभेत हत्ती म्हणाला, "एकट्या आणि आजारी जिवांची सेवा करायची. कोण करणार?"

झाडून सगळ्यांचे पाय वर झाले.

"आणि सेवा कुणाला हवीय?"

सगळे पाय खाली. कोल्हीणकाकू मघापासून खोकत होती, तीही खोकायची थांबली.

"मला काय धाड भरलीय?" ती म्हणाली. "माझी सून रोज येते विचारायला."

सून गेल्या पावसाळ्यापासून फिरकली नव्हती. सगळ्यांना ठाऊक होते. पण झाकली मूठ प्रत्येकाचीच होती, बाळांनो.

मग जंगलभर शोधाशोध झाली. एक ससा जरा लंगडताना दिसला. अख्खे मंडळ सेवा करायला त्याच्यामागे धावले. ससा जीव घेऊन पळाला, तोही न लंगडता.

शेवटी हत्ती कंटाळला. "सेवा घ्यायलाच कुणी नसेल तर मंडळ बंद. उद्यापासून ज्याने त्याने आपापल्या घरी बसावं."

घरी! म्हणजे बहिरोजीला पुन्हा तेच खायला उठणारे रान. जन्मात त्याने कुणापुढे मान तुकवली नव्हती. पण तो मुकाट्याने पाय पसरून आडवा झाला.

"मला हवीय सेवा," तो म्हणाला. म्हणताना त्याला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

हत्ती त्याच्या कानाशी वाकला. "जरा कण्हा हो, बहिरोजी. म्हणजे मंडळींना हुरूप येतो."

बहिरोजी कण्हला. मंडळात चैतन्य सळसळले. अस्वल पाय चेपू लागले. माकड पोथी वाचू लागले. कोल्हीणकाकू पेज भरवू लागली. पेज अळणी असायची. भरवता भरवता ती सुनेचे सगळे रामायण सांगायची, आणि उठताना विचारायची, "आता कसं, बरं वाटतंय ना?"

वाटायचे तिलाच. पण बहिरोजी हो म्हणायचा.

वार्षिक समारंभात त्याला उचलून आणले. त्याला चांगले चालता येत होते, पण चालू कोण देतो? शाल आणि श्रीफळ अर्थातच सेवा करणाऱ्यांना मिळाले.

मंडळी पांगली, तरी कोल्हीणकाकू मागे रेंगाळली. इकडेतिकडे पाहून हळूच म्हणाली, "रागावू नका, बहिरोजी. एखादा दिवस तुमच्या जागी मी निजू का? मला कण्हायला येतं हो."

बहिरोजीला भरून आले. त्याने अंग आवरून तिच्यापुरती जागा केली. मग त्याला एकदम आठवले.

"निजा की," तो म्हणाला. "पण उद्या. आज दादासाहेबांनी नंबर लावलाय."

तात्पर्य: दुसऱ्याच्या उपयोगी पडावे. आणि दुसरा आपल्या उपयोगी पडायला आलाच, तर पुण्यकर्म समजून थोडे कण्हावे.