अप्पांची मूठ

बसलिंगअप्पा कुणाच्याही दारात आले की आधी कुंडीतली माती उचलणार, मुठीत दाबणार आणि मगच "बरं हाय का?" म्हणणार. विचारलं माणसाला की कुंडीला, ते कळत नाही. माझ्या दारात त्यांचा हात मातीकडं गेला की मी नजर दुसरीकडं वळवतो. का, ते मी आजवर बायकोलाही सांगितलेलं नाही.

चाकूरजवळ आमची शेतं बांधाला बांध. विहीर दोघांत, पाण्याची पाळी एक दिवसाआड. अप्पांची बायको कधीच गेली, मूलबाळ नाही. होती ती एक देवणी गाय, गौरा. तिच्यासाठी कडवळ, म्हणजे वैरणीची ज्वारी. पेरण्याआधी मातीचा लाडू वळून खांद्याइतक्या उंचीवरून सोडायचा. फुटला नाही तर ओल जास्त म्हणून थांबायचं. उगवल्यावर मोडक्या बाजेची चौकट ठेवून आतली रोपं मोजायची. एकदा लग्नाच्या पंगतीत ओरडले, "लई दाट पेरलाव की रे! वाढणारा मरंल मधी."

स्वतः मात्र दाटच पेरायचे. "दाटीत धाट बारीक येतंय, गौरा बुडख्यापतूर खाती. पर ओल लवकर सरती. पाणी चुकलं की कवळ्या कडवळाचं ईष होतंय, खाल्लेलं जनावर वाचत न्हाई, दत्ता."

गेल्या उन्हाळ्यात ते डोळ्याच्या ऑपरेशनला लातूरला गेले. पाणी द्यायचं माझ्यावर. लाईट अर्धा दिवस, आणि माझा भुईमूग माना टाकून राहिलेला. अप्पांच्या सगळ्या पाळ्या मी भुईमुगाला वळवल्या. म्हातारा उगीच भिववतो, असं वाटलं.

ते आले काळा चष्मा लावून. वाकायची मनाई. बांधावरूनच म्हणाले, "दत्ता, तूच मूठ दाबून बघ. ओल हाय?"

दाबली. माती बोटांतून भुरभुर गळाली.

"हाय, अप्पा."

"काप मग. आठ दिस झालं, तिला हिरवं न्हाई."

मीच कडवळ कापलं. मीच तिच्यापुढं टाकलं. दिवस मावळायच्या आत गौरा गेली.

अप्पा तिच्या पाठीवर हात ठेवून एवढंच म्हणाले, "माझंच चुकलं. लई दाट पेरलो."

आता गोठा रिकामा आहे. तरी त्यांनी कडवळाचा एक वाफा पेरलाय, पातळ, माझ्या म्हशीसाठी. अजूनही माती उचलतात, दाबतात. पण मग मूठ माझ्या तळहातावर उघडतात. "तू सांग बाबा. माझ्या हाताचा भरवसा न्हाई राहिला."

मी सांगतो. आता खरं सांगतो. पण त्या दिवशी माती कोरडी होती, हे एक वाक्य मी अप्पांचं अजून देणं लागतो.