कोशाचा वास

नाकाला रुमाल लावलेला माणूस दिसला की आमचे आंधळगावचे शेजारी श्रावणजी त्याला अडवून विचारायचे, "काहून जी, सर्दी झाली का?" नाही म्हणालात तर संबंध संपले.

त्यांच्या अंगणातल्या चुलीवर रोज कोसे, म्हणजे टसर रेशमाचे कोष, उकळत. कोसे सोड्याच्या पाण्यात उकळले की आतल्या किड्यांचा जो वास सुटतो, तो लिहून सांगण्यासारखा नाही. त्या चुलीपासून आमचं दार बावीस फुटांवर. मी टेपने मोजलं आहे. बायको कुंपणावरून ओरडायची, "भाऊजी, झाकण तरी ठेवा न!"

"झाकून ठेवाले ते काय लोणचं हाये, वहिनीबाई?"

गावातला जुना कोसा कारखाना आणीबाणीच्या आसपास बंद पडला होता. काही वर्षांनी सरकारी जीपमधून एक साहेब आले. इमारत दुरुस्त करायची, हातमाग मांडायचे, बाहेरगावच्या पाहुण्यांना दाखवायचे, असं ठरलं. मी तुमसरच्या राईस मिलमध्ये मुनीम, म्हणून मापं लिहायला मला बोलावलं. टेपचं दुसरं टोक श्रावणजींनी न विचारता धरलं.

ते जन्मभर पुढच्या दालनात मागावर बसलेले विणकर. पण माग कुठे ठेवता, हे त्यांनी एकदाही विचारलं नाही. सगळा जीव मागच्या भट्टीच्या खोलीत, जिथे कोसे उकळत. आराखड्यात ती खोली पाडून तिथे मोटारी उभ्या राहणार होत्या.

"सायब, भट्टी राहू द्या. वासाशिवाय कारखाना म्हणजे नुसती धर्मशाळा."

"अहो, वास बघायला कोण येणार?"

"एकदा घेऊन तं पाहा!"

साहेब हसले. पाहणीला वरचे लोक येतील तेव्हा विचार करू, म्हणाले. श्रावणजींनी ते मनावर घेतलं. जिल्ह्याची मंडळी पाहणीला आली, त्या सकाळी त्यांनी मोठी कढई चढवली, भट्टी पेटवली आणि दारं-खिडक्या सताड उघडल्या. मंडळी दालनात पोचली आणि तशीच उलटी फिरली. चहाचा एकही कप कोणी उचलला नाही. निघता निघता साहेबांनी हुकूम दिला, खोली आधी पाडा.

"तुम्हीच पाडली की हो खोली!" मी म्हणालो.

उद्घाटनाला दालनात चुना, फुलं, उदबत्त्या. जुने विणकर म्हणून श्रावणजींचा सत्कार होता आणि त्यांचाच पत्ता नव्हता. मी बोलवायला घरी गेलो. मी या गावात आलो तेव्हापासून ते एकटेच राहत. अंगणात कोसे उकळत होते आणि ते भाताचं ताट घेऊन बसले होते.

"चला न, खुर्ची ठेवली आहे तुमची."

"जेवण होऊ द्या, मुनीमजी."

"या वासात?"

त्यांनी घास कालवला.

"माही पार्बता भट्टीवर होती. घरी आली का राखेनं हात घासे, सालटं निघेपर्यंत. वास काही जाये नाही. मी तरणा, मिजासखोर. म्हणो, दुरूनच वाढ. मंग ती बिचारी हात लांब करून वाढे. गेली तवापासून जेवणाले चवच नाई जी."

कारखान्याकडून लाऊडस्पीकरवर त्यांचं नाव पुकारत होते. त्यांनी ताट उचललं आणि चुलीच्या आणखी जवळ सरकून बसले.