वैद्यांनी काढा प्यायला तेव्हा

"वैद्यकाका, हा काढा तुम्ही स्वतः कधी पिऊन बघितलाय?"

दवाखान्याच्या कोपऱ्यात बसून खलबत्त्यात मुळ्या कुटणाऱ्या मदतनीस बाईंचा बत्ता हवेतच राहिला. बाकावर नंबराची वाट बघणाऱ्या आजोबांनी आलेला ठसका गिळला. आईने लेकीच्या कोपराला चिमटा काढला, पण बाण सुटून गेला होता. मैत्रिणींनी पैजच लावली होती: विचारलंस तर खरी, नाहीतर शाळा संपेपर्यंत भित्री भागूबाई.

पैजेपेक्षा दुखणं मोठं होतं. दूध पोटात गेलं की मुरडा आणि अंगभर गांधी, हे तिचं लहानपणापासूनचं. वैद्यांनी दूध आणि दुधाचं सगळं बंद करून रोज सकाळी कडूजहर काढा सुरू केला होता. तरी पोट आपलं जैसे थे. आणि आईबाबांनी निकाल देऊन टाकला होता: पोट बरं झाल्याशिवाय शाळेच्या शिबिराला जायचं नाही. शिबिर तर तोंडावर आलं होतं.

वैद्यांच्या मिशा हलल्या. "मी कशाला पिऊ? मी ठणठणीत आहे."

"म्हणजे नाही बघितलात."

आजोबा बाकावर पुढे सरकले. "प्या की, वैद्य. आम्हालाही बघू दे."

आता माघार म्हणजे दवाखान्याला कुलूप. वैद्यांनी पेला भरून घेतला, डोळे मिटले आणि एका दमात रिता केला. त्यांचा चेहरा पिळलेल्या फडक्यासारखा झाला. त्यांनी पाण्यासाठी हात पुढे केला.

आईमागे उभे असलेले बाबा सवयीचे गुलाम. काढ्याने वाकडं झालेलं तोंड दिसताच त्यांचा हात आपोआप खिशात गेला आणि वैद्यांच्या तळहातावर मिल्क चॉकलेट आलं. वैद्यांनी ते घाईघाईने तोंडात टाकलं. चघळलं. मग चघळायचे थांबले.

"हे तुमच्या खिशात कसं?"

"हिच्यासाठी हो. काढ्याने बिचारीचं तोंड कडू होतं. फक्त हिच्या आईला सांगू नका."

आई शेजारीच उभी होती. "अहो, तुम्ही पण देता? मग मी पर्समधून देते ते?"

वैद्यांनी कपाळाला हात लावला. "दुधाचं सगळं बंद सांगितलं होतं ना मी?"

"पण चॉकलेटात दूध कुठे दिसतं?" बाबा म्हणाले.

"वेष्टनावरच्या चित्रात पेलाभर दूध ओततायत, ते काय शोभेला?" वैद्य तिच्याकडे वळले. "आणि तू गं? दोन्हीकडून खात होतीस?"

"मोठ्यांनी प्रेमाने दिलेलं नाकारू नये, असं आईबाबाच शिकवतात. आणि वैद्यकाका, एकाच पेल्यानंतर तुम्हीसुद्धा चॉकलेट खाल्लंतच की."

आजोबांना हसू आवरेना, आणि मघाशी गिळलेला ठसका परत आला.

"काढा तोच राहू दे," वैद्य ओठ पुसत म्हणाले. "पथ्य तेवढं नीट पाळा."

"कोणी?" बाबांनी विचारलं. सगळा दवाखाना त्यांच्याकडेच बघत होता.

पायऱ्या उतरल्यावर तिने दोघांपुढे ओंजळ धरली. "खिसा रिकामा करा. पर्सपण." निमूटपणे दोन्हींतला ऐवज ओंजळीत पडला. तो तिने परत जाऊन मदतनीस बाईंना देऊन टाकला.

"आता ऐका," ती म्हणाली. "काढा मी रोज घेणार, चॉकलेटाशिवाय. आणि मी शिबिराला जातेय."

"अगं, पण तुझं पोट..." आई म्हणाली.

"पोटासाठीच जातेय. तिथे तुम्ही दोघं नसणार."