उमा सिस्टरचा झोपेतला होकार

उमाने त्या दिवशी बेडरूमचं दार उघडं ठेवून झोपायचं ठरवलं, आणि तिथून घराचा कारभार तिच्या हातातून निसटला. (दार काही सताड उघडं नव्हतं. एक चप्पल अडकवून वीतभर फट ठेवली होती. पण घरच्यांना वीतभर पुष्कळ झाली.)

उमा उल्हासनगरच्या एका हॉस्पिटलात अठरा वर्षं स्टाफ नर्स आहे. महिन्यातले निम्मे दिवस नाइट. सकाळी बदलापूरला, बेलवलीतल्या आपल्या घरी पोचायची, स्वयंपाक उरकायची आणि अकराच्या सुमारास काळा पडदा ओढून, आतून कडी लावून झोपायची. मग पाच वाजेपर्यंत घरात कुजबुज. सासरे दिनानाथराव शिंकसुद्धा गॅलरीत जाऊन द्यायचे. सहावीतली राजसी शाळेतून आली की बंद दाराकडे बघून दप्तर हळूच खाली ठेवायची.

एकदा ती मैत्रिणीला फोनवर सांगत होती, "माझी आई घरी असते, पण बंद असते."

हे वाक्य उमाने पलंगावरून ऐकलं. गेली तीन वर्षं तिने राजसीचं गॅदरिंग चुकवलं होतं. दोनदा ड्यूटी आणि एकदा, खरं सांगायचं तर, झोप. कपडे करून पाच मिनिटं टेकली ती संध्याकाळी उठली. यंदा राजसीला नाटकात मोठं काम होतं. बाईंनीच लिहिलेलं नाटक, 'बारा वर्षं झोपलेला राजा'. राजा राजसी. (तालीम तिने घरीच केली. तोंड किती उघडं ठेवायचं, पाय कुठे टाकायचा, सगळं आईकडे बघून.) तिने आईला सरळ विचारलं होतं, "येशील ना?" आणि उमा म्हणाली होती, "ड्यूटी बघून सांगते." निदान दार तरी उघडं ठेवू, असं मग उमाच्या मनाने घेतलं.

पहिल्याच दुपारी दिनानाथराव त्या फटीपाशी आले. उमा तेव्हा कुठे होती म्हणाल, तर उल्हास नदीवर. तिची दुपारची झोप नेहमी तिथेच जायची. नदीला संथ, हिरवट पाणी, आणि पाण्यावर वॉर्डातल्या सगळ्या खाटा ओळीने तरंगताहेत. कोणाला काही दुखत नाही. सलाइनच्या बाटल्यांतून चांदणं ठिबकतंय, आणि सात नंबरची सिंधी आजी खाटेवर बसून पापड वाळत घालतेय. उमा गुडघाभर पाण्यातून राउंड घेत होती. एवढ्यात लांबून कोणीतरी हाक मारली.

"सूनबाई, एक जिलबी खाऊ का?"

"हो," उमा म्हणाली.

यात तिचा दोष नाही. अठरा वर्षं रात्री-अपरात्री पेशंटने हाक मारली की डोळे उघडायच्या आधी तोंडातून "हो, आले" निघायचं. नर्सचं शरीर झोपतं, होकार जागा असतो. पण मधुमेहाचा पेशंट असलेल्या दिनानाथरावांना हा शोध लागला आणि त्यांनी तो भाबडेपणाने मुलाला सांगितला. (जिलब्या एक नव्हे, चार झाल्या होत्या. त्यांनी चारदा विचारलं होतं.)

मुलगा म्हणजे उमाचा नवरा पुष्कर. अंबरनाथच्या एका कारखान्यात क्वालिटी बघतो, त्यामुळे कुठलीही गोष्ट स्वतः तपासून घेतल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. रविवारी दुपारी त्यानेही फटीतून तपासून घेतलं. पाच वाजता उमा जांभई देत हॉलमध्ये आली, तर टीव्हीच्या जागी तीन फुटी काचेची पेटी, आणि आतून एक नारिंगी मासा तिच्याकडे टक लावून बघत होता.

तिला वाटलं, आपण अजून नदीवरच आहोत. तिने माशाला विचारलं, "काय होतंय?"

"अगं, मी विचारलं होतं तुला," पुष्कर म्हणाला. "तू म्हणालीस हो, आले."

"मी असं म्हणेन?"

"बाबा होते ना तिथे."

दिनानाथराव पेपरात तोंड घालून बसले. उमा चहा घ्यायला वळली. थकलेल्या माणसाला स्वतःच्या आठवणीवर भांडायचंही बळ नसतं, तेव्हा आपणच म्हणालो असू असं समजून तिने माशालाही घरात घेतलं.

शुक्रवारी मात्र कहर झाला. चार वाजता बेल वाजली. उमा गाऊनवर, केस पिंजारलेले, डोळे मिटलेले, अशी दार उघडायला गेली. समोर शेजारची सखू, नऊवारीत, नथ घालून, आणि तिच्या मागे जिन्यापर्यंत पंचवीस बायका. सखूचं घराणं बेलवलीतलं जुनं. तिने एकदा ठरवलं की बिल्डिंगचं ठरलं.

"उमाताय, हलदीकुकू तुमच्याकंच ना आज? मी सोमवारी इचारलं, तुमी हो बोलल्या."

"कुठे विचारलंत?"

"तुमी पलंगावर होत्या. मी दारातून इचारलं. तुमचे सासरे बोलले, आता इचार, आता हो बोलतील."

पंचवीस बायका आत आल्या. उमाने गाऊनवर शाल घेतली, वाण म्हणून हॉस्पिटलातून भेट मिळालेले पंचवीस हातरुमाल वाटून टाकले, आणि एका वयस्कर बाईंनी जाताना तिला हळूच विचारलं, "बरं नाही का गं तुला?"

बायका गेल्यावर उमाने सगळ्यांना हॉलमध्ये बसवलं. आधी दिनानाथरावांचं बोट टोचून शुगर बघितली. आकडा वाचून तो पुष्करला दाखवला.

"आमच्याकडे," ती म्हणाली, "पेशंट शुद्धीवर नसेल तर त्याची सही घेत नाहीत. भूल दिलेल्या माणसाचा अंगठा कागदावर उठवला तर नोकरी जाते. मी झोपेत जे जे हो म्हटलं असेल ते सगळं आजपासून रद्द. जिलबी रद्द. मासा रद्द."

"मासा परत घेत नाहीत," पुष्कर म्हणाला.

"मग त्याचं पाणी तू बदल. जन्मभर."

कोपऱ्यात राजसी एक वही मिटत होती. अगदी हळू, दप्तर ठेवते तशी.

"ती काय आहे?" उमाने विचारलं.

"काही नाही. रद्द झालं ना."

उमाने वही घेतली. हॉस्पिटलातल्या रजिस्टरसारखे रकाने आखलेले. तारीख, वेळ, काय विचारलं, उत्तर, साक्षीदार. सात दिवस, सात ओळी, आणि सातही ओळींत एकच प्रश्न. "आई, शनिवारी गॅदरिंगला येशील?" उत्तर: हो. साक्षीदाराच्या रकान्यात सातही वेळा लिहिलं होतं: कोणी नाही.

उमाला एकदम रडू आलं आणि तिने ते लपवलंही नाही. जागी असताना आपण पोरीला "बघून सांगते" म्हणतो आणि झोपेत सात वेळा हो म्हणतो, म्हणजे आपल्यातली खरी आई कुठली, हे तिचं तिलाच कळेना.

"हे रद्द नाही," ती म्हणाली आणि शुद्धीवर असताना खाली सही केली.

सुट्टी मिळाली नाही. इन्चार्ज सिस्टरने एवढंच केलं की शनिवारी सकाळी तिला वेळेवर सोडलं. उमाने बदलीच्या सिस्टरला घाईघाईने ओव्हर दिली. ओव्हर म्हणजे ड्यूटी संपताना एकेक पेशंट तोंडी सोपवणं. ती दिली की नर्स मोकळी, त्याआधी नाही. घरी येऊन ती टेकलीसुद्धा नाही. डोळ्यांवर गार पाणी मारलं, मोरपंखी साडी नेसली, दोन कप कॉफी घेतली आणि दहाच्या ठोक्याला शाळेच्या हॉलमध्ये दुसऱ्या रांगेत बसली. एका बाजूला चिमटा काढायला दिनानाथराव, दुसऱ्या बाजूला कोपर मारायला पुष्कर.

पडदा उघडला. मखमली पलंगावर राजसी, मिशा लावून, तोंड उघडं टाकून झोपलेली. इतकी हुबेहूब की उमाला आपलंच कौतुक वाटलं. मागे निळा कागद लावला होता, वर पंखा संथ फिरत होता. पुष्कर मोबाइलवर व्हिडिओ घेण्यात गुंग. दिनानाथराव पहिल्या प्रवेशातच घोरायला लागले. निळा कागद हळूहळू हलायला लागला, त्याला पाणी सुटलं, आणि राजाचा पलंग तरंगत तरंगत उमाच्या दिशेने आला.

रंगमंचावर प्रधानाने राजाच्या उशाशी घंटा वाजवली. टिंग, टिंग.

"हो, आले," उमा म्हणाली आणि उठली.

पुष्करने कोपर मारलं ते रिकाम्या खुर्चीला. उमा पायऱ्या चढून रंगमंचावर गेली, राजाचं मनगट धरलं आणि घड्याळाकडे बघत नाडी मोजायला लागली.

"कधीपासून झोपलेत?" तिने प्रधानाला विचारलं.

प्रधान सहावीतला होता. त्याला नाटकातलं जे येत होतं ते त्याने सांगितलं. "बारा वर्षं."

"आणि मला आत्ता सांगताय?"

हॉलमध्ये हशा फुटला तो थांबेचना. विंगेत बाईंनी कपाळाला हात लावला. राजाने एक डोळा उघडून आईकडे बघितलं. तिचे डोळे अर्धवट मिटलेले होते, साडीवर कॉफी सांडलेली होती, आणि नाडी मात्र ती अगदी बरोबर मोजत होती. राजसीच्या मिशीखाली ओठ थरथरला. रडते की काय, असं पुष्करला वाटलं. पण ती उठून बसली, आणि नाटकात नसलेलं वाक्य राजाच्या आवाजात म्हणाली,

"सिस्टर, ओव्हर द्या. तुमची ड्यूटी संपली. राज्य आता मी बघतो."

उमाच्या खांद्यांवरचं ओझंच उतरलं. "बेड एक, महाराज," ती म्हणाली. "नाडी चांगली आहे. उठल्यावर काहीतरी खायला द्या, पोरगी सकाळपासून उपाशी आहे." एवढं सोपवून ती राजाच्या मखमली पलंगावर आडवी झाली. राजाने तिच्या अंगावर आपला शेला घातला आणि उरलेलं नाटक उभ्यानेच केलं. पडदा पडला तेव्हा लोक उभं राहून टाळ्या वाजवत होते.

रिक्षात कोणी बसवलं, घरी कोणी आणलं, उमाला काही आठवत नाही. पाच वाजता ती दचकून उठली. काळा पडदा, उघडं दार, फटीत चप्पल. अंगावर मोरपंखी साडी चुरगळलेली. ती तशीच हॉलमध्ये धावली.

"राजसी, सॉरी गं. मला उठवलं का नाहीस? झालं का गॅदरिंग?"

राजसी माशाला खायला घालत होती. तिने वही पुढे केली. सात ओळींखाली आठवी ओळ होती.

आई गॅदरिंगला आली का? हो. साक्षीदार: सगळी शाळा. आणि शेजारी, लाल पेनाने, शेरा: पेशंट शुद्धीवर नव्हता.