मिक्सरची कुंची

ये गं, अशी जवळ बस. आधी मला एक सांग, परवा मी तुझी ओटी भरली तेव्हा पीस न बघताच पिशवीत कोंबलास ना? बघितलं मी. रागावले नाही. पण आता तो तुझ्या कपाटात जाणार आणि पुढच्या हळदीकुंकवाला दुसऱ्या कुणाच्या ओटीत पडणार, एवढं मला कळतं. माझ्याकडंही तो तसाच आला होता.

आमच्या गल्लीत ही सोय एका बाईनं बंद करून टाकली. तिचं नाव संगीता. ओटीत आलेला ब्लाऊजपीस ती घरी नेते आणि चपला काढायच्या आत त्याला कात्री लावते. कात्री दाराजवळच्या खिळ्यालाच टांगलेली असते, किल्ल्यांच्या शेजारी.

संगीता माझी शेजारीण. रोज सकाळच्या गाडीनं नांदेडहून मुदखेडला जाते, तिथून रिक्षानं पुढच्या एका खेड्यात शाळेवर. घरी नवरा, सातवीतली गौरी, आणि बालवाडीतलं एक पोरगं, जे पूर्ण कपड्यांत कुणी पाहिलेलं नाही. एवढ्या धबडग्यात ती शिवते. हातमशीन स्वयंपाकाच्या ओट्यावरच असते. कुकर लावला की ती शिवायला घेते आणि शिट्ट्यांवर हिशेब करते.

"पिशवी म्हणजे तीन शिट्ट्या, काकू. नाडी असली तर चार."

नाडीची पिशवी असली की त्यांच्याकडं वरण लई मऊ होतं.

शिवण तिला कुणी शिकवलेलं नाही, आणि ते दिसतं. पण सगळं सरळ शिवणीचं, साधं आणि घट्ट. चष्म्याचं घर, डब्याची पिशवी, पाण्याच्या बाटलीला झगा, रिमोटला खोळ. गॅसच्या टाकीला तिनं झालरीचा फ्रॉक शिवलाय. टाकी बदलायला येणारा माणूस आता न सांगता आधी तो उतरवतो आणि नव्या टाकीला घालून जातो. तिचा नवरा वीज मंडळात आहे, चांगला जाड मिशांचा. त्याच्या हेल्मेटला आतून गुलाबी फुलाफुलांचं अस्तर आहे. एकदा मी विचारलं, "भाऊ, हे चालतं का तुम्हाला?" तो थोडा विचार करून म्हणाला, "गार वाटतं."

आता पिसाचं सांगते. ओटीतला पीस हा काही शिवण्यासाठी नसतो. तो पुढं देण्यासाठी असतो. अंगाला कमी पडतो आणि कुठल्याच साडीवर जात नाही. सत्यनारायणाला तो माझ्याकडं येतो, बारशाला तुझ्याकडं जातो, तुझ्याकडून तिसरीकडं. ज्याचा त्याला परत जाऊ नये, एवढंच आपण सांभाळायचं. आमच्या कुसुमताई, म्हणजे गल्लीतल्या सगळ्यात जुन्या रहिवासी, तर पीस देताना कोपऱ्यात बॉलपेनानं बारीक ठिपका देतात, परत आला तर ओळखू यावा म्हणून. त्यांचा एक पीस सध्या माझ्याकडं आहे. त्याच्या कोपऱ्यात ठिपक्यांची रांगोळी झाली आहे.

संगीताकडं गेलेला पीस मात्र परत निघत नाही. कात्री चालवताना ती एवढंच म्हणते, "चला, पोहोचला." हळूहळू गल्लीत पीस कमी पडू लागले. बायकांवर दुकानातून विकत आणायची पाळी आली. मग बोलणं सुरू झालं.

त्यात तो आंब्याच्या रंगाचा पीस आला. गल्लीतला सगळ्यात देखणा, काठाला बारीक बुट्टी. कुणाच्या तरी लग्नात आला आणि वर्षानुवर्षं घरोघर फिरत राहिला. कुसुमताईंचा त्याच्यावर डोळा होता. सुनेचं डोहाळजेवण जवळ आलेलं, त्यात विहीणबाईंच्या ओटीत तोच घालायचा असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. आणि गल्लीत नव्यानं राहायला आलेल्या दुसऱ्याच एका घरच्या सुनेनं, काही माहीत नसताना, तो संगीताच्या ओटीत घातला.

कुसुमताईंना कळलं तशा त्या धापा टाकत संगीताच्या दारात. मी तिथंच बसले होते.

"संगीता, तो आंब्याचा पीस दे गं माय. बदल्यात दोन देते."

"कोणता, ताई? बुट्टीचा?"

"हाव, तोच."

संगीतानं ओट्याकडं बोट दाखवलं. मिक्सर कुंची घालून बसला होता. गळ्याशी नाडी, पाठीवर लांब झूल. बोरन्हाणाला नटवलेलं पोर पाटावर बसावं, तसा.

"अगं, आत्ता तासाभरापूर्वी दिला ना तुला!"

"आज हरभऱ्याची डाळ होती, ताई. शिट्ट्या जास्त लागल्या."

कुसुमताईंनी जवळ जाऊन नाडी सोडली, कुंची उलटीपालटी करून बघितली, परत मिक्सरला घातली, नाडी बांधली आणि निघून गेल्या.

संध्याकाळी त्यांनी मला सांगितलं, "डोहाळजेवणाला तिला बोलावणार न्हाई. कापल्याची माफी मागावी, पुन्हा कुणाच्या पिसाला कात्री लावणार न्हाई म्हणावं. मग बघू."

तुला वाटेल, एका बोलावण्याचं एवढं काय. संगीताला होतं. गल्लीतला एक कार्यक्रम तिनं कधी चुकवला नाही. गाडी लेट झाली तर स्टेशनवरून सरळ येते, हाताला खडू, पर्समध्ये चिरडलेला गजरा. सगळ्यांच्या मागून येते आणि सगळ्यांच्या मागून जाते. पसारा आवरते, सतरंज्या झटकते. कुणी दारात येऊन नाव घेऊन बोलावलं की तिचं तोंड लहान पोरीसारखं होतं. आता बोलावणं येणार नाही हे तिला कळलं, आणि त्यांच्या घरातून मशीनचा आवाज येईना.

रविवारी मी गेले. ती पोराच्या चड्डीत नाडी ओवून राहिली होती.

"माग की माफी," मी म्हटलं. "दोन शब्द तर हायेत."

"ताईंना दुखावल्याची मागते. आत्ता जाऊन मागते, काकू. पण कापल्याची कशी मागू?"

"एका चिंधीसाठी एवढा हट्ट बरा न्हाई."

नाडीची पिन आत कुठं तरी हरवली होती. ती बोटांनी चाचपत, खाली बघतच बोलली.

"माय गेली तेव्हा मी गौरीहून लहान होते. आधी लोह्याला मावशीकडं ठेवलं. मग धर्माबादला मामाकडं. मग मुदखेडला आत्याकडं. मग परत लोहा. वाईट कुणी वागलं न्हाई, काकू, उगं खोटं कशाला बोलू? पुढच्या घरी पाठवताना नवा फ्रॉक घालायचे, दोन वेण्या घालायचे. सगळ्यांनी लई नीट ठेवलं. घडी न मोडता."

पिन सापडली. तिनं ती ओढून बाहेर काढली, नाडीची दोन्ही टोकं सारखी केली आणि म्हणाली, "चहा ठेवू का?"

चहा घेतला. तिथून उठले ते सरळ कुसुमताईंकडं. ऐकलं तेवढंच सांगितलं, पदरचं काही घातलं नाही. त्या गहू निवडत होत्या, निवडतच राहिल्या. शेवटी म्हणाल्या, "बरं." मला वाटलं, फुकट गेलं सगळं.

डोहाळजेवणाच्या सकाळी कुसुमताई कुंकवाचा करंडा घेऊन स्वतः संगीताच्या दारात. "लवकर ये गं आज. फुलांचं तुलाच बघायचंय." माफीचं नाव त्यांनीही काढलं नाही, हिनंही नाही.

संध्याकाळी सुनेची ओटी झाली, मग आलेल्या बायकांच्या. कुसुमताई प्रत्येकीच्या पदरात घडीचा पीस घालत पुढं सरकत होत्या. संगीतापुढं आल्या तेव्हा हातात नवाकोरा जांभळा पीस होता, दुकानाची चिठ्ठी अजून लावलेली. तो त्यांनी सगळ्यांदेखत झटकून उलगडला, घडी पार मोडली, आणि तसाच गोळा करून तिच्या पदरात घातला.

"हा तुझ्या अंगाला. मिक्सरला न्हाई."

अशी ओटी आमच्यात कुणी भरत नाही. बायका बघतच राहिल्या. संगीता पदर तसाच धरून उभी. शेवटी मागची बाई म्हणाली, "सरक की माय, आमचीबी भरायची हाय."

त्या पिसाचा ब्लाऊज तिनं घरी शिवला नाही. शिंप्याकडं जाऊन नीट माप देऊन आली. त्यावर जाणारी एकही साडी तिच्याकडं नाही. हिरव्यावर घालते, पिवळ्यावर घालते, शाळेतसुद्धा घालून जाते. तिच्या नवऱ्याला मी विचारलं, तर म्हणाला, "चांगला दिसतो."

तू परत ये गं लवकर. रविवारी ये, ती घरी असते, तुला घेऊन जाते तिच्याकडं. कार्यक्रमाची वाट बघत बसू नकोस. मी तुझं नाव घेऊन बोलावलंय, असं समज आणि नीघ.