ड्रमशी स्टेशनची हिरवळ

मलाकी टूही ड्रमशी स्टेशन घेऊन प्रदर्शनाला निघाला, तेव्हा डिंपनाने, म्हणजे त्याच्या बायकोने, एकच गोष्ट बजावली होती: गाडी हळू चालव. स्टेशन एका लांब फळीवर वसलेलं होतं. आयर्लंडच्या लायट्रिम परगण्यातली ती अरुंद रुळांची रेल्वे बंद पडून आयुष्य लोटलं होतं, रूळसुद्धा भंगारात गेले होते. मलाकीने मात्र तीन वर्षं खपून ते स्टेशन बोटाएवढ्या डब्यांसकट पुन्हा उभं केलं होतं. कुंपणांना वाळवलेलं शेवाळ, झाडांना रानातल्या काटक्या-पानं, गंज्यांना खरं गवत. प्लास्टिकची हिरवळ त्याला चालत नसे.

फळी मोटारीत मावेना, म्हणून मेव्हण्याची, फेलिमची, गुरं न्यायची बंद गाडी मागे जोडली होती. फेलिमने त्यात पुढच्या टोकाला, आडव्या फळकुटापलीकडे, एका शेजाऱ्यासाठी घेतलेली शेळी बांधली होती. ती अगदी गरीब आहे, असं त्याने सांगितलं होतं.

सभागृहापाशी मलाकीने मागचं दार उघडलं आणि तो तसाच उभा राहिला. मधलं फळकूट खाली पडलं होतं. ड्रमशी स्टेशनची इमारत होती, रूळ होते, सिग्नल होता. कुंपणं, झाडं, गंज्या, फलाटामागची बाग यांतलं काहीही उरलं नव्हतं. शेळी जाते जिवानिशी म्हणतात. इथे शेळी मजेत रवंथ करत होती आणि जीव मलाकीचा जात होता.

"घरी जाऊ," तो कसाबसा म्हणाला.

सोबत आलेल्या डिंपनाने नकारार्थी मान हलवली. स्टेशनमास्तरची मुलगी, नव्वदीची अट्रॅक्टा गिलहूली, केवळ हे स्टेशन बघायला वृद्धाश्रमातून आली होती. ती आत खुर्चीवर बसून वाट बघत होती. तिला काय सांगणार?

दोघांनी लेंड्या झाडल्या, फळी आत नेली. प्रदर्शन भरवणाऱ्या मंडळाचा अध्यक्ष लोर्कन प्रंटी लगेच भिंग घेऊन आला. गेल्या वर्षी दाराचा रंग चुकला म्हणून त्याने एका माणसाला मांडणीसकट परत पाठवलं होतं. तो फळीभोवती फिरला, थांबला, पुन्हा फिरला.

"हे लायट्रिम आहे की वाळवंट?" लोर्कन म्हणाला. "स्टेशनच्या जुन्या फोटोत इथे दाट झाडी आहे. हे मांडता येणार नाही."

तेवढ्यात काठीचा आवाज आला. अट्रॅक्टाबाई उठून आल्या होत्या. गर्दी बाजूला झाली. बाई फळीवर वाकल्या. त्यांची हनुवटी थरथरायला लागली तसं मलाकीने डोळे मिटून घेतले. म्हातारीचं बालपण आपण उजाड करून ठेवलं, असं त्याला वाटलं.

"फोटोवर जाऊ नका," बाई लोर्कनला म्हणाल्या. "फोटोवाला यायचा असला की बाबा शेजारून फांद्या आणून रोवायचे. साहेबांना दाखवायला. एरवी आमच्याकडे गवताचं एक पातं शिल्लक नसायचं." त्या मलाकीकडे वळल्या. "हे तुला कुणी सांगितलं रे?"

मलाकी फळीची कड पुसायला लागला. खरं सांगावं तर स्टेशन प्रदर्शनातून बाद होतं, खोटं बोलावं तर म्हातारीशी. लोर्कनने भिंग खिशात टाकलं आणि नाइलाजाने हुबेहूबपणाच्या पहिल्या बक्षिसाची फीत फळीला लावली.

बाई मात्र अजून वाकून शोधतच होत्या. फलाटामागे, पाण्याच्या टाकीखाली, इमारतीच्या आडोशाला.

"सगळं अगदी तसंच आहे," त्या थोड्या खट्टू होऊन म्हणाल्या. "पण आमची शेळी कुठे दिसत नाही."

मलाकीने डिंपनाकडे पाहिलं.

"बाहेर गाडीत आहे," डिंपना म्हणाली. "आत्ताच जेवलीय."